मुलींचा हिस्सा, १९९९ चा मृत्यू आणि २००३ चे खरेदीखत: एका संशोधन टिपणाचा प्रकरण अभ्यास

ही परिस्थिती अभ्यासासाठी रचलेली आहे. त्यातले कायदे, कलमे, निकाल आणि त्यांच्या तारखा मात्र खऱ्या आहेत, आणि असे कागद घेऊन येणारी कुटुंबे महाराष्ट्रातल्या कोणत्याही दिवाणी वकिलाच्या ओळखीची आहेत.

दोन बहिणी वकिलांकडे येतात. थोरलीचे लग्न १९८८ चे, धाकटीचे १९९६ चे. वडील १९९९ मध्ये मृत्युपत्र न करता वारले. मागे आई, एक भाऊ आणि या दोघी. शेतजमीन दहा एकर, दोन गटांत: एक सात एकरांचा, एक तीन एकरांचा. २००१ मध्ये घरात तोंडी वाटणी झाली, बहिणींचे काय ते लग्नातच देऊन झाले होते, असे भाऊ सांगतो. त्याप्रमाणे फेरफार होऊन दोन्ही सातबाऱ्यांवर त्याचे एकट्याचे नाव चढले. २००३ मध्ये त्याने तीन एकरांचा गट नोंदणीकृत खरेदीखताने तिऱ्हाइताला विकला. खतावर संमती देणार म्हणून आईची सही आहे, बहिणींची नाही. आता २०२४ मध्ये उरलेल्या सात एकरांच्या विक्रीची बोलणी सुरू झाली आणि बहिणींच्या कानावर आले. त्यांचा प्रश्न साधा आहे: आमचे किती, आणि कशातले?

ऑफिसमधल्या ज्युनिअरला टिपण तयार करायला सांगितले जाते. पुढे जे लिहिले आहे ते या टिपणाबद्दल: ते कशावर उभे राहिले, कुठे अडले आणि प्रश्नच कसा बदलत गेला.

पहिला मसुदा

ज्युनिअरने सुरुवात केली तिथूनच बहुतेक जण करतात. हाताशी तीन गोष्टी होत्या. एक, ऑगस्ट २०२० मधले वर्तमानपत्राचे कात्रण: वडील हयात असोत वा नसोत, मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क. दोन, ऑफिसच्या कपाटातला हिंदू कायद्यावरचा भरघोस टीकाग्रंथ, २०१६ ची आवृत्ती. त्यात नेमके उलटे: ९ सप्टेंबर २००५ रोजी, म्हणजे हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ मधली सुधारणा लागू झाली त्या दिवशी, वडील हयात असतील तरच मुलीला सहदायाद (एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्माने वाटेकरी) म्हणून हक्क. तीन, २०१८ सालचा निकालांचा डायजेस्ट. त्यात एकाच मथळ्याखाली दोन्ही बाजूंचे निकाल ओळीने छापलेले.

पहिल्या मसुद्यात लिहिले होते: "वडील १९९९ मध्ये मयत असले तरी सर्वोच्च न्यायालयाच्या ताज्या निकालानुसार मुलींना समान हिस्सा मिळतो. २००१ ची वाटणी तोंडी असल्याने ती ग्राह्य नाही. सबब प्रत्येकीला संपूर्ण दहा एकरांत एक चतुर्थांश."

यातले एक वाक्य बरोबर आहे, एक अर्धे बरोबर आहे, आणि तिसऱ्याने अशिलांचे नुकसान होऊ शकते. हे टिपण तसेच पुढे गेले असते तर बहिणींनी ज्या गटासाठी कोर्टफी, वेळ आणि जीव ओतला असता, त्याच गटावर दावा ढिला पडला असता.

आता त्या तीन साधनांकडे पाहू. कात्रण खोटे नव्हते. टीकाग्रंथही त्याच्या छपाईच्या दिवशी बरोबर होता. डायजेस्टने तर आपले काम चोख केले होते, म्हणजे जे निकाल होते ते सगळे मांडले होते. दुय्यम साधन असेच असते. ते कायद्याबद्दल बोलते आणि ज्या दिवशी बोलते त्या दिवशी थांबते. टीकाग्रंथाच्या पहिल्या पानावरचे आवृत्तीचे वर्ष वाचल्याशिवाय आतले पान उघडू नये असे मी प्रत्येक नव्या ज्युनिअरला सांगते, कारण मालमत्तेच्या कायद्यात चार वर्षांत एखाद्या घराची जमीन इकडची तिकडे होऊ शकते.

निकालांची ओळ

मग प्राथमिक साधने, म्हणजे खुद्द निकाल आणि कायदे, उघडायला घेतली. निकाल क्रमाने लावले की विरोधाभास सुटायला लागतो.

मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१४ मध्ये बद्रीनारायण भंडारी विरुद्ध ओमप्रकाश भंडारी या प्रकरणात म्हटले की २००५ पूर्वी जन्मलेल्या मुलींनाही हिंदू उत्तराधिकार कायद्याचे सुधारित कलम ६ लागू होते, मात्र मुलगी ९ सप्टेंबर २००५ रोजी हयात हवी. त्याआधी २०१२ मध्ये याच न्यायालयाच्या खंडपीठाने जन्मतः हक्क फक्त त्या तारखेनंतर जन्मलेल्या मुलींना आहे असा अर्थ काढला होता, तो पूर्णपीठाने बाजूला सारला. पुढे ऑक्टोबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने प्रकाश विरुद्ध फुलवती मध्ये हयात सहदायादाच्या हयात मुलींनाच हा हक्क आहे असे ठरवले. म्हणजे बापही जिवंत हवा. २०१६ च्या टीकाग्रंथातले वाक्य इथून आले होते. फेब्रुवारी २०१८ मध्ये दुसऱ्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने दानम्मा विरुद्ध अमर मध्ये, वडील २००१ मध्ये वारलेले असूनही, मुलींना समान हिस्सा दिला. दोन्ही पीठे सारख्याच ताकदीची. त्यांतले एक दुसऱ्याला मोडू शकत नाही. म्हणून विषय तीन न्यायमूर्तींकडे गेला आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा हा निकाल आला. हक्क जन्माने येतो, त्यामुळे ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असण्याची गरज नाही. फुलवती पूर्णपणे रद्दबातल, दानम्मा जितका विसंगत तितका.

संविधानाच्या अनुच्छेद १४१ नुसार सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा सर्व न्यायालयांवर बंधनकारक आहे. पण पुढे आलेली तारीख एवढ्याने निकाल वरचढ ठरत नाही. पीठ किती जणांचे होते, आधीच्या निकालाचे नाव घेऊन त्याला नाकारले आहे की नुसते वगळले आहे, हे निकालाच्याच पानावर पाहावे लागते. डायजेस्टमध्ये फुलवती आणि दानम्मा शेजारी शेजारी होते, पण दोन्ही पीठे दोन-दोन जणांची आहेत हे तिथे कुठेच लिहिलेले नव्हते. ज्युनिअरने प्रत्येक सायटेशन (निकालाचा संदर्भ) उघडले, पीठाची संख्या समासात लिहिली, आणि पाच मिनिटांत कळले की २०१८ च्या डायजेस्टवर विसंबून कुठलीच बाजू घेता येणार नव्हती.

प्रत्येक निकाल प्रत्यक्ष उघडायचाच, यात सवलत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात माता विरुद्ध एव्हियांका या प्रकरणात चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल सादर केल्याबद्दल वकिलांना पाच हजार डॉलरचा दंड झाला. आपल्याकडे तर निकाल उघडणे आता फुकट आहे. सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत रिपोर्ट जानेवारी २०२३ पासून ई-एससीआर या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतात.

निकालाचे शेवटचे परिच्छेद

पहिल्या मसुद्यातले दुसरे वाक्य, "वाटणी तोंडी असल्याने ग्राह्य नाही", एका सारांशावरून आले होते. हेडनोट (निकालाच्या वर छापलेला गोषवारा) आणि सारांश संपादक लिहितात, न्यायमूर्ती नव्हे. विनीता शर्मा निकालाच्या अखेरीस न्यायालयाने पाच निष्कर्ष मांडले आहेत. पाचव्याचा पहिला भाग सारांशात होता: कायद्याने मान्य केलेली वाटणी म्हणजे नोंदणीकृत वाटणीपत्राने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली, तोंडी वाटणीचा बचाव तिच्या जागी चालणार नाही. पण तो निष्कर्ष तिथे संपत नाही. पुढे अपवाद आहे. क्वचित प्रसंगी, तोंडी वाटणीला सार्वजनिक दस्तऐवजांचा आधार असेल आणि ती हुकूमनाम्याने झाल्यासारखीच शेवटास गेलेली दिसत असेल, तर ती मानता येईल. नुसत्या तोंडी पुराव्यावरचा बचाव मात्र सरळ फेटाळायचा.

विरुद्ध बाजूच्या वकिलाची सगळी भिस्त या अपवादावर असणार हे उघड आहे. २००१ चा फेरफार हा "सार्वजनिक दस्तऐवज" म्हणून तो पुढे करणार. टिपणात हा अपवाद नसता तर उलटतपासाच्या दिवशी तो पहिल्यांदा ऐकायला मिळाला असता.

म्हणून २००१ च्या फेरफाराची नक्कल आणि त्यासोबतची अर्ज, जबाब, नोटिसा ही सगळी कागदपत्रे मागवली. फेरफार म्हणजे महसुली नोंद. तिने मालकी निर्माण होत नाही आणि संपतही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. सवर्णी विरुद्ध इंदर कौर हा १९९६ चा निकाल त्यातला नेहमी दाखवला जाणारा. पण इथे पाहायचे ते वेगळे: वाटणी प्रत्यक्षात झाली होती का? जमिनीचे तुकडे पडले का, आईला काही वेगळे मिळाले का, आई आणि भाऊ या दोघांनी वेगवेगळी वहिवाट केली का? फेरफारात फक्त एवढेच लिहिले होते की "वाटणीप्रमाणे" नाव लावावे. आईला एक गुंठाही मिळाला नव्हता. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप झाल्याचा आदेशही नव्हता. बहिणींना नोटीस बजावल्याची पोच नव्हती. ज्या वाटणीत दोघांपैकी एकाला सगळे आणि दुसऱ्याला काहीच नाही, ती हुकूमनाम्यासारखी "शेवटास गेली" असे म्हणणे कठीण आहे. हा मुद्दा निकालाच्या शब्दांवरून उभा राहिला. सारांशावरून तो सुचलाच नसता.

कलम समोर ठेवल्यावर

इथे टिपणाने खरे वळण घेतले. तोवर सगळी चर्चा निकालांची चालली होती. सीनियर वकीलबाईंनी विचारले, "कलम वाचलंस का?"

"हो मॅडम, निकालात पूर्ण दिलंय."

"निकालातलं नको. कायद्यातलं वाच. परंतुकासकट."

इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावरून कलम ६ छापून घेतले. पोटकलम १ चा गाभा सर्वांना पाठ असतो: सुधारणा लागू झाल्यापासून सहदायादाची मुलगी मुलासारखीच जन्मतः सहदायाद. त्याच्या खाली परंतुक, म्हणजे "परंतु" म्हणून जोडलेला अपवाद, आहे. त्याचा आशय असा की या पोटकलमातल्या कशानेही २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेले हस्तांतर, वाटणी किंवा मृत्युपत्राने केलेली व्यवस्था बाधित होणार नाही. २० डिसेंबर २००४ म्हणजे हे विधेयक राज्यसभेत मांडले गेले तो दिवस. विधेयक येतेय कळल्यावर घाईघाईने जमिनी फिरवल्या जाऊ नयेत म्हणून कायदा लागू होण्याच्या तारखेऐवजी विधेयकाची तारीख धरली. पोटकलम ५ त्याच तारखेपूर्वीच्या वाटणीला पुन्हा वगळते, आणि स्पष्टीकरण सांगते की वाटणी म्हणजे नोंदणीकृत किंवा हुकूमनाम्याने झालेली.

आता खरेदीखत २००३ चे. नोंदणीकृत. तिऱ्हाइताच्या नावे. २० डिसेंबर २००४ च्या आधीचे. पोटकलम ५ चे स्पष्टीकरण वाटणीपुरते आहे, विक्रीला त्याची अट लागत नाही. म्हणजे तीन एकरांच्या गटावर २००५ च्या सुधारणेचा आधार घेऊन दावा केला तर परंतुक समोर उभे राहते. पहिल्या मसुद्यातले "संपूर्ण दहा एकरांत" हे शब्द इथे कोसळले. विनीता शर्माच्या दुसऱ्या निष्कर्षातही २० डिसेंबर २००४ पूर्वीची हस्तांतरे अबाधित ठेवली आहेत. तेही कात्रणात नव्हते.

पण कलम अजून एकदा वाचायचे होते. परंतुकाचे शब्द आहेत "या पोटकलमातील कोणत्याही गोष्टीने". संपूर्ण कायद्याने नव्हे. मग बहिणींचा एखादा हक्क २००५ च्या आधीच, दुसऱ्या तरतुदीतून आलेला असेल, तर त्या हक्काला हे परंतुक लागते का? इथपासून टिपणाचा प्रश्न बदलला. "वडील कधी वारले" हा प्रश्न मागे पडला आणि "२००३ साली या बहिणींकडे आधीपासूनच काय होते" हा पुढे आला.

२००३ साली त्यांच्याकडे काय होते

उत्तर दोन ठिकाणी मिळाले, आणि दोन्ही जागा कपाटातल्या टीकाग्रंथाच्या त्या प्रकरणात नव्हत्या.

पहिली जागा: १९५६ च्या कायद्यातले जुने कलम ६. वडील १९९९ मध्ये वारले तेव्हा तेच लागू होते. त्याच्या जुन्या परंतुकानुसार मृताच्या मागे पहिल्या वर्गातली स्त्री वारस (पत्नी, आई, मुलगी अशी) असेल, तर त्याचा एकत्र मालमत्तेतला हिस्सा उरलेल्या सहदायादांकडे न जाता वारसाहक्काने जातो. तो हिस्सा किती हे ठरवण्यासाठी मृत्यूच्या क्षणापूर्वी वाटणी झाली असे कल्पायचे. ते कसे मोजायचे हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई या मुंबई उच्च न्यायालयातून आलेल्या प्रकरणात दाखवले आहे. म्हणजे थोरलीचे लग्न १९८८ चे असले तरी १९९९ पासून वडिलांच्या हिश्श्यात तिचा वाटा होताच. "लग्न झाले म्हणून काही नाही" हे गावात सर्रास बोलले जाते. १९५६ पासून कायदा असे कधीच म्हणत नव्हता.

दुसरी जागा: महाराष्ट्राची स्वतःची सुधारणा. हिंदू उत्तराधिकार कायद्यात महाराष्ट्राने १९९४ मध्ये कलमे २९-अ ते २९-ड घातली, २२ जून १९९४ पासून. आंध्र प्रदेश, तमिळनाडू आणि कर्नाटकानेही त्याच सुमाराच्या दहा वर्षांत तसे केले. या सुधारणेने मुलीला जन्मतः सहदायाद केले, पण त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुलीला वगळले. धाकटी तेव्हा अविवाहित होती. तिचे लग्न १९९६ चे. म्हणजे केंद्राच्या सुधारणेच्या अकरा वर्षे आधीपासून ती या घरात सहदायाद होती, आणि घरात कुणालाच ते माहीत नव्हते. राज्याच्या सुधारणा अनेक बेअर ॲक्टमध्ये (कायद्याचा नुसता मजकूर छापलेल्या पुस्तकांत) शेवटी बारीक टाइपात असतात किंवा नसतातच. देशभर विकल्या जाणाऱ्या ग्रंथात त्यांना एखादी तळटीप मिळते. म्हणून केंद्राचा कायदा वाचून झाला की आपल्या राज्याने त्यात काय बदलले ते वेगळे शोधायचे, आणि ते शोधण्याची जागा म्हणजे राज्याचा अधिनियम.

हिश्श्यांचा हिशेब तीन वेळा मांडला, आणि तो टिपणात जसाच्या तसा ठेवला. फक्त १९५६ चा मूळ कायदा धरला तर कल्पित वाटणीत वडील, आई आणि भाऊ यांना प्रत्येकी एक तृतीयांश. वडिलांच्या एक तृतीयांशाचे चार वारसांत चार भाग. म्हणून प्रत्येक बहिणीला एक बारांश. १९९४ ची सुधारणा धरली तर वडील, आई, भाऊ आणि धाकटी यांना एक चतुर्थांश, मग वडिलांच्या चतुर्थांशाचे चार भाग. थोरलीला एक सोळांश, धाकटीला पाच सोळांश. राज्याने मुलींना हक्क दिला आणि थोरलीचा वाटा बारांशावरून सोळांशावर घसरला! विनीता शर्माप्रमाणे दोघींना जन्मापासून सहदायाद धरले तर पाच जणांना एक पंचमांश, वडिलांच्या पंचमांशाचे चार भाग, आणि आई, भाऊ, दोघी बहिणी अशा चौघांना समान एक चतुर्थांश. हे तीन आकडे एकत्र पाहिल्यावर २०२० च्या निकालाने थोरलीला काय दिले ते खरे कळते.

सात एकरांत चतुर्थांशाचा दावा भक्कम. तीन एकरांत तसे नाही. तिथे युक्तिवाद असा बांधला: २००३ मध्ये धाकटीचे पाच सोळांश आणि थोरलीचा एक सोळांश आधीच त्यांच्या नावे रुजलेले होते, भावाला ते विकण्याचा अधिकार नव्हता, आणि २००५ चे परंतुक "या पोटकलमा"पुरते असल्याने या आधीच्या हक्कांना ते झाकत नाही. टिपणात स्पष्ट लिहिले की हा युक्तिवाद आहे, ठरलेला कायदा म्हणून तो मांडू नये.

आजोबांचा फेरफार आणि चकवणारा निकाल

या सगळ्याच्या तळाशी एक गृहीतक होते: जमीन एकत्र कुटुंबाची आहे. अशील तसे म्हणतात तेवढ्याने ते सिद्ध होत नाही. आजोबांची स्वकष्टार्जित जमीन असती आणि ते १९५६ नंतर वारले असते, तर कलम ८ नुसार वडिलांना ती वैयक्तिक मिळाली असती. सर्वोच्च न्यायालयाचा १९८६ चा चंदर सेन निकाल यावर आहे. मग सहदायादपणाचा प्रश्नच उरला नसता आणि १९९९ मध्ये चौघांना थेट समान वारसा मिळाला असता. जुना फेरफार काढला. आजोबा १९५२ मध्ये वारले. कायदा १७ जून १९५६ पासूनचा. म्हणजे जमीन वडिलांच्या हाती जुन्या मिताक्षरा नियमाने (ज्यात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाला जन्मतः हिस्सा असतो) आली, आणि भावाच्या जन्माने ती एकत्र झाली. एका मोडी-मिश्रित नोंदीच्या नकलेवर अख्ख्या टिपणाचा पाया होता. वस्तुस्थितीलाही प्राथमिक साधन लागते, आणि अनेक टिपणे निकालांच्या ढिगाऱ्यात हे विसरतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

याच टप्प्यावर शोधात २०२२ चा अरुणाचल गौंडर विरुद्ध पोन्नुसामी हा निकाल वर आला. १९५६ पूर्वी वारलेल्या हिंदूच्या मालमत्तेत मुलीचा हक्क, म्हणून ज्युनिअरला तो सोन्यासारखा वाटला. वाचल्यावर कळले की तिथे प्रश्न स्वकष्टार्जित मालमत्तेचा होता आणि मृताला एकच मुलगी होती. आमच्या आजोबांना मुलगा होता. टिपणातून तो निकाल वगळला, पण का वगळला याची एक ओळ ठेवली, कारण समोरचा वकील तो कदाचित उलट्या अर्थाने काढेल.

दुय्यम साधनांनी काय दिले

त्यांच्याशिवाय काम झाले असते असे मुळीच नाही. गुरुपाद मगदूम निकाल ज्युनिअरला जुन्या टीकाग्रंथाच्याच एका तळटिपेत सापडला. २००५ ची सुधारणा कशासाठी झाली हे समजायला विधी आयोगाचा मे २००० चा १७४ वा अहवाल वाचला. तो कायदा नाही, पण कलमाचा हेतू सांगताना न्यायालयापुढे ठेवण्याजोगा आहे. आणि मुदतीचा विषय एका प्रक्रियेच्या पुस्तकाने वेळेवर आठवण करून दिला: मुदत कायदा १९६३, अनुच्छेद ६५ आणि ११०, दोन्हींत बारा वर्षे. भावाविरुद्ध बहिणींना वगळल्याचे कळले तेव्हापासून मोजता येईल. खरेदीदार मात्र २००३ पासून ताब्यात आहे. २०२४ मध्ये त्याच्या गटावर ताबा मागणे मुदतीत अडकू शकते. अनुच्छेदांचे शब्द मग मूळ परिशिष्टातून घेतले.

अंतिम टिपण

शेवटच्या टिपणात प्रत्येक विधानापुढे त्याचा आधार लिहिला: कलम, परिच्छेद क्रमांकासह निकाल, किंवा कागदाची नक्कल. ज्याला असा आधार नव्हता ते "युक्तिवाद" या मथळ्याखाली गेले. दावा वाटपाचा, आई आणि भाऊ दोघे प्रतिवादी, आणि खरेदीदारालाही प्रतिवादी करायचे. सात एकरांच्या विक्रीला तात्पुरती मनाई मागायची, कारण तो गट गेला तर चतुर्थांशाला अर्थच राहणार नाही.

तीन एकरांबद्दल दोन पर्यायी मागण्या. पहिली वर सांगितलेल्या युक्तिवादाची. दुसरी व्यवहार्य: एका सहदायादाने विकलेली जमीन वाटपात, इतरांवर अन्याय होत नसेल तर, विकणाऱ्याच्याच हिश्श्यात टाकता येते. चतुर्थांशाने भावाचे अडीच एकर होतात, विकले तीन. उरलेला अर्धा एकर खतावर संमतीची सही करणाऱ्या आईच्या हिश्श्यात धरावा. मग सात एकरांतून बहिणींना प्रत्येकी अडीच एकर, आणि आईसाठी दोन. खरेदीदाराला हात न लावता, मुदतीच्या वादात न शिरता बहिणींचा वाटा पूर्ण होतो. फक्त दोन्ही गटांची प्रत सारखी आहे का, विहीर कुठल्या गटात आहे, हे पाहायला मोजणी लागेल, आणि त्यासाठी कोर्ट कमिशनरचा अर्ज दाव्यासोबतच द्यायचा असे टिपणाच्या शेवटच्या ओळीत लिहिले आहे.